घट

आमच्याकडे आता भाकरी प्यावी लागते.

प्रणितचा जबडा तारेनं बांधलाय,
सहा आठवडे.
आई आधी वरणभात फिरवायची मिक्सरमध्ये,
मग दुधात पोळी, मग एकदा वैतागून
मेथीची भाजी, भाकरीसकट.
हिरवट राखाडी काहीतरी आलं पेल्यात.
त्यानं ते स्ट्रॉनं ओढलं, भिंतीकडे बघत.
पहिल्या आठवड्यात आम्ही त्याच्यासमोर जेवायचो.
आता ओट्यापाशी उभ्यानं, पाठ करून.
पापड कुणी भाजत नाही.
कुरकुर वाजेल असं काहीच
कोपरखैरण्याच्या या एका खोलीत येत नाही.

अण्णा कांदा-बटाटा मार्केटात तोलणार.
सव्वीस वर्षं काट्यावर.
गोणी नुसती बघून सांगतात: एकावन्न. साडेएकोणपन्नास.
माल पडून राहिला की घट येते,
व्यापारी ती धरूनच चालतो.
वाशीच्या हॉस्पिटलातून आणला तेव्हा
रिक्षापासून दारापर्यंत त्यांनी त्याला उचलून आणलं,
आठवीतल्या पोराला.
एक शब्द बोलले नाहीत.
मग मोरीपाशी मला हळूच म्हणाले,
"चौतीस होता गं. तिसाच्या आत आलाय."

शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, पोरंपोरं, मस्तीत झालं.
पाण्याच्या टाकीमागे चौघं,
हातात मोडक्या बाकाचा पाय.
मस्ती.
अण्णा तो शब्द घरी घेऊन आले
नि कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.
रात्री एकदम प्रणितवरच ओरडले,
"तुला काय हात नव्हते?"
त्याला बोलता येत नाही हे
क्षणभर आम्ही सगळेच विसरलो होतो.
त्यानं वही ओढली. लिहिलं:
दोघांनी धरले होते.
अण्णांनी वाचलं, वही नीट मिटली,
आणि बाहेर गेले. अनवाणी.

देवाच्या फळीशेजारी खिळ्याला
एक पक्कड टांगलेली असते.
उलटी झाली तर लगेच तारा कापा, डॉक्टर म्हणाले होते,
नाहीतर गुदमरेल.
कुठल्या कापायच्या ते मला दाखवलं,
कारण आईचे हात थरथरत होते.
माझी बारावी आहे.
धडे डोक्यात राहत नाहीत, त्या तारा राहतात.
रात्री तो नुसता खोकला तरी
अंधारात तीन माणसं उठून बसतात.

चौघांतला एक चाळक्यांचा हर्षल.
आमच्याच रांगेतला, पाच दारं सोडून.
दोघांनी एका सायकलवर तोल सांभाळायला शिकलं.

काल त्याची आई आली. दारातच उभी,
पदराखाली स्टीलचा डबा.
"चकल्या आहेत. प्रणितला आवडतात म्हणून..."
आई तिच्याकडे बघतच राहिली.
तिला ठाऊक नव्हतं.
पोरगा घरी म्हणाला असेल, थोडं लागलं.

आईनं डबा घेतला.
आत ये म्हणाली नाही. दारही लावलं नाही.
मिक्सर चालू केला, तो किंचाळला नेहमीसारखा,
आणि प्रणितनं पेला तोंडाशी नेला.
ओठांच्या फटीत तार चमकली.
चाळके काकू बघत होती.
मग ती उंबऱ्यावरच खाली बसली,
आणि पेला संपेपर्यंत
कुणीच तिला ऊठ म्हणालं नाही.

आमच्याकडून कुणाचा डबा रिकामा जात नाही.
चिमूटभर साखर तरी, नाहीतर दोन लिंबं.
आज आईनं चकल्या काढून
बरणीत भरल्या, बरणी वरच्या फळीवर ठेवली,
कॅलेंडरवर एक तारीख बघितली.
मग डबा घासला. पुसला.
झाकणाची रबरी कडसुद्धा काढून धुतली.
"दे नेऊन," म्हणाली.
मी आत बघितलं. काही नव्हतं.

दारात अण्णांनी तो माझ्या हातून घेतला,
तळव्यावर धरून ठेवला जरा वेळ,
आणि आकडा न सांगता
परत दिला.